अस्वलाचा ‘अधिवास’ चालेल का?

प्रश्न असा आला आहे: अस्वलांवरच्या एका लेखात ‘अस्वलांच्या अधिवासाचं रक्षण’ असं लिहिलं, तर वाचणारा हसला. अधिवास म्हणजे डोमिसाइल, अस्वल काय दाखला काढायला रांगेत उभं राहणार? मग ‘निवासस्थान’ लिहावं का? आणि जाता जाता, ते अस्वल की ती अस्वल?

दुसरं आधी उरकतो. अस्वल नपुंसकलिंगी आहे. एक असेल तर ते अस्वल, अनेक असतील तर ती अस्वलं. मादीच म्हणायचं असेल तर अस्वलीण.

आता मुख्य मुद्दा. ‘अधिवास’च ठेवा. दाखल्यावर तो शब्द कायदेशीर अर्थाने गेला म्हणून काही कार्यालयाच्या मालकीचा झाला नाही. ‘निवासस्थान’ म्हटलं की मंत्र्यांचा बंगला आणि फाटकावरची पाटी डोळ्यांपुढे येते. ‘वसतिस्थान’ त्यापेक्षा बरं, पण तेही एका जागेकडे बोट दाखवतं. वाचणाऱ्याला वाटेल, गुहा राखली म्हणजे काम झालं.

‘अधि’ या उपसर्गाची एक गंमत संस्कृत व्याकरणात आहे. ‘वने वसति’ म्हणजे वनात राहतो. इथे वन सप्तमीत, राहण्याचं नुसतं ठिकाण. पण ‘अधि’ लागला की ‘वनम् अधिवसति’ म्हणावं लागतं, वन थेट द्वितीयेत जातं. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘उपान्वध्याङ्वसः’ (१.४.४८): उप, अनु, अधि आणि आङ् (म्हणजे ‘आ’) यांपैकी काही ‘वस्’ (राहणे) या धातूच्या आधी लागलं, तर जागा अधिकरण न राहता कर्म होते. मराठीत ही विभक्ती दिसत नाही, पण ‘राहतं घर’ म्हणताना आपणही घराला राहण्यात ओढतोच की. लहान मुलांसाठी लिहीत असाल तर मी बेधडक ‘अस्वलाचं राहतं रान’ म्हणेन.

अस्वल खरोखरच रान असं राहतं. मराठीत नुसतं ‘अस्वल’ म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, ते काळं, झिपऱ्या केसांचं, छातीवर पांढुरका इंग्रजी व्ही असलेलं, ते वारुळापाशी काय करतं ते पाहा. लांब नख्यांनी वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी सरळ आत जाते. हा सूं-सूं आवाज बऱ्याच लांबवर ऐकू येतो. वाळवी नसेल तेव्हा मोहाची फुलं, बोरं, जांभळं, मध. पिल्लं आईच्या पाठीवर बसून हिंडतात. (त्या नख्यांमुळे १७९१ मध्ये एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला झाडाला उलटं लटकणाऱ्या स्लॉथच्या जातीत टाकलं. चूक कळली, तरी इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’, म्हणजे शब्दशः ‘आळशी अस्वल’, राहिलंच. त्यापेक्षा आपलं ‘अस्वल’ बरं, त्याला कुणी आळशी तरी ठरवलेलं नाही.)

तेव्हा अधिवास म्हणजे ती वारुळं, तो मोह, तो पाणवठा, ती खडकातली कपार आणि या सगळ्यांमधली वाट. मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेत जलाधिवास, धान्याधिवास, शय्याधिवास असे विधी असतात. त्यांचा अस्वलाशी काही संबंध नाही, पण पाणी, अन्न आणि निजायची जागा ही यादी लक्षात ठेवायला त्याहून सोपी मिळणार नाही.

जुन्या नावांतही ही समज दिसते. पुराणांतल्या सात कुलपर्वतांपैकी, म्हणजे भारतातल्या मुख्य डोंगरांपैकी, एकाचं नाव ऋक्षवान. ऋक्ष म्हणजे अस्वल, म्हणून ऋक्षवान म्हणजे अस्वलं असलेला. डोंगराची ओळख त्याच्या रहिवाशावरून.

आणखी एक. ‘वस्ती’ आणि ‘अधिवास’ दोन्ही एकाच ‘वस्’ धातूचे. बातमीत मात्र ‘अस्वल वस्तीत घुसलं’ असतं, ‘वस्ती अधिवासात घुसली’ असं क्वचितच. जिथे मोहाची फुलं वेचण्यासाठी खालचा पाला जाळला, वारुळं खणून शेत केलं, तिथे तरी ‘घुसलं’ हे क्रियापद लिहिण्याआधी जरा थांबावं. जगात अस्वलांच्या आठ जाती, त्यांतल्या सहा धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत, आणि रान तुटणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

तुमच्या वाक्यात मला बदलावासा वाटतो तो ‘अधिवास’ नव्हे, ‘रक्षण’. रक्षण म्हटलं की पहारेकरी येतो, कुंपण येतं. ‘जपणं’ करा आणि काय जपायचं तेही सांगा: ‘अस्वलांचा अधिवास जपायचा, तर वारुळं फोडू नयेत, मोहाखाली आग लावू नये, पाणवठ्याकडची वाट मोकळी ठेवावी.’ हे वाचून कुणाला दाखला आठवणार नाही.