वाचकांचे प्रश्न : जुन्या आराखड्यावरून रेडिओ-नियंत्रित विमान

प्रश्न : माझे काका भुसावळला रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९५०च्या आसपासचा, एका इंग्रजी मासिकाबरोबर आलेला विमानाच्या मॉडेलचा पूर्ण मापाचा आराखडा सापडला. कोपऱ्यातले नाव वाळवीने खाल्ले आहे. पंखांचा विस्तार ६० इंच आणि रुंदी ९ इंच आहे. नाकाशी स्पार्क प्लगचे इंजिन दाखवले आहे, पण रेडिओचा कोठेही उल्लेख नाही. हे विमान आज बांधून रेडिओने उडवता येईल काय? सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : उडवता येईल, मात्र ब्लेड हाती घेण्याआधी हा आराखडा कोणत्या जातीच्या विमानाचा आहे ते ओळखले पाहिजे. आपल्या वर्णनावरून तो ‘फ्री फ्लाइट’ प्रकारातला दिसतो. या प्रकारात इंजिन काही सेकंद चालून बंद पडत असे आणि त्यानंतर विमान कोणाच्याही हुकमाशिवाय घिरट्या घेत खाली येत असे. उडवणाऱ्याच्या हाती त्याच्यामागे शेताशेतांतून धावण्यापलीकडे काही नसे. अल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ साली कीलक्राफ्ट या ब्रिटिश कंपनीसाठी रेखाटलेले, ६० इंची पंखांचे ‘ज्युनियर ६०’ याच घराण्यातले असून ते आजही अनेक देशांत रेडिओ बसवून उडवले जाते. तेव्हा आपण काही जगावेगळे करीत आहात असे नाही. ज्या विमानाला मुळात स्वतःच सावरायला शिकवलेले आहे, त्याच्या या गुणाला धक्का न लावता त्याला फक्त वळायला आणि चढउतार करायला सांगायचे, एवढेच आपले काम आहे. ही गोष्ट विसरून बळकटीच्या नावाखाली लाकूड वाढवत गेलेली जुनी मॉडेले मी पाहिली आहेत. ती उडतात, पण दगडासारखी उतरतात.

मूळ कागदावर कधीही बांधू नये. त्याची मोठ्या मशिनवर प्रत काढावी आणि घरी आणल्यावर पोलादी पट्टीने लांबी व रुंदी दोन्ही दिशांनी मोजून पाहावी. सगळीकडे सारखेच, म्हणजे शंभराचे सत्त्याण्णव झाले असेल, तर विमान थोडे लहान होईल इतकेच. पण एका दिशेने ताणले आणि दुसऱ्या दिशेने आखडले असेल, तर रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) आणि पंख यांची मापे एकमेकांशी जुळणार नाहीत. दुसरी अडचण इंचांची आहे. आराखड्यातील पाव इंचाची काडी ६.३५ मिलिमीटरची असते आणि आपल्याला बाजारात बहुधा ६ मिलिमीटरची मिळते. म्हणून फॉर्मरमधल्या, म्हणजे पोटाला आकार देणाऱ्या आडव्या तुकड्यांमधल्या, खाचा कागदावरून न कापता हातातल्या काडीचे माप घेऊन कापाव्यात, नाहीतर प्रत्येक सांध्यात ढिलाई राहते आणि ती भरून काढायला गोंद ओतला जातो.

जागा वाचवण्यासाठी जुन्या आराखड्यांत बहुतेक वेळा एकाच बाजूचा पंख काढलेला असतो. दुसऱ्या बाजूसाठी प्रतीच्या पाठीवर बोळ्याने शेंगदाण्याचे तेल चोळावे. कागद पारदर्शक होतो आणि उलटा ठेवला की रेषा स्पष्ट दिसतात. ही युक्ती मला माहीत होती, तेलही चोळून झाले होते, आणि तरीही पहिल्या मॉडेलच्या वेळी मी कागद उलटायला विसरून दोन डावे पंख बांधले. पंधरा दिवसांचे काम वाया गेले. तेव्हापासून काम सुरू करण्यापूर्वी कागदावर ‘डावा’ आणि ‘उजवा’ ही अक्षरे मी बोटाएवढी मोठी लिहून ठेवतो.

बांधणी सपाट मऊ फळीवर करावी. आराखड्यावर पातळ प्लास्टिक पसरावे म्हणजे गोंद कागदाला धरत नाही. पोटाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी शेजारीशेजारी न बांधता एकीवर दुसरी, मध्ये प्लास्टिक घालून बांधाव्यात. त्या तंतोतंत सारख्या निघतात आणि शेपटी वाकडी होण्याचे एक मोठे कारण टळते. सांध्यांना साधा पांढरा गोंद पुरतो. लाकूड नीट बसत असेल तर त्याचा थेंबही पुष्कळ होतो.

आता वजनाकडे वळू, कारण या कामातला खरा विचार तेथेच आहे. ३६ इंच लांब, ३ इंच रुंद आणि १/८ इंच जाड बाल्साची (मॉडेलांसाठी वापरतात त्या हलक्या लाकडाची) एक पट्टी २२ ग्रॅमची निघते आणि तशीच दिसणारी दुसरी ४४ ग्रॅमची. दोन्ही एकाच दुकानात, एकाच भावाने मिळतात. म्हणून लहान डिजिटल काटा घ्यावा, प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने वजन लिहावे आणि सर्वांत हलक्या पट्ट्या शेपटीसाठी राखून ठेवाव्यात. जळगावच्या सराफाकडे तोळ्या-माशाचा हिशेब जसा चालतो तसाच येथे चालवावा लागतो. अशा मॉडेलमध्ये गुरुत्वमध्यापासून, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलून राहते तेथून, शेपटी नाकाच्या साधारण तिप्पट अंतरावर असते; शेपटीत १० ग्रॅम जास्त गेले की समतोलासाठी नाकात ३० ग्रॅम शिसे घालावे लागते, म्हणजे चुकीची किंमत ४० ग्रॅम पडते. आपल्या विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ ५४० चौरस इंच होते. उडण्याच्या तयारीतले एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत राहिले, तर ते ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जोर लावून सायकल हाणणाऱ्याच्या वेगाने निवांत उडेल.

स्पार्क इंजिनाबरोबर कॉइल, कंडेन्सर आणि बॅटऱ्या असे बरेच ओझे पोटात असे. त्या जागी ब्रशलेस मोटार आणि तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी बसवावी. सुमारे २०० वॅट शक्ती या विमानाला भरपूर होते. बॅटरी जितकी पुढे नेता येईल तितकी न्यावी आणि ती बदलण्यासाठी पोटाखाली झाकण ठेवावे. दर वेळी पंख सोडवावे लागले तर आठवड्याभरात कंटाळा येतो.

गुरुत्वमध्याची आराखड्यावरची खूण मात्र डोळे झाकून स्वीकारू नये. फ्री फ्लाइट विमानांत आडव्या शेपटीलाही पंखासारखी फुगीर पाठ दिलेली असे, ती थोडा भार उचलत असे, आणि त्यामुळे गुरुत्वमध्य पंखाच्या निम्म्या रुंदीच्याही मागे चालत असे. रेडिओने उडवताना अशी मांडणी फार हळवी ठरते. शेपटी सपाट लाकडाची करावी आणि गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ३ इंचांवर, म्हणजे रुंदीच्या एक-तृतीयांशावर आणावा. मोटारीचा रोख २-३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे ठेवला की पूर्ण शक्ती दिल्यावर नाक आभाळाकडे उसळत नाही.

एलरॉन, म्हणजे विमान कलते करणाऱ्या पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, बसवण्याचा मोह टाळावा. पंखांची टोके वर उचललेली असल्यामुळे रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) वळवला की विमान आपोआप त्या बाजूला कलते आणि वळते. म्हणून रडर, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडव्या शेपटीची हलती पट्टी) आणि मोटार एवढ्या तीन गोष्टींचे नियंत्रण पुरते. मूळ आराखड्यात रडर म्हणजे जेमतेम एक चिंचोळी पट्टी असते, ती दुपटीने रुंद करावी. आडव्या शेपटीचा मागचा पाव भाग कापून, बिजागऱ्या लावून एलिव्हेटर करावा. या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी, म्हणजे ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, पंखाखाली, गुरुत्वमध्याजवळ बसवावेत.

प्रश्न : बाल्सा पुण्या-मुंबईहून मागवावे लागते आणि महाग पडते. सातपुड्यात मिळणारे काटेसावर किंवा पांगाऱ्याचे लाकूड चालेल काय? पतंगाचा कागद लावता येईल काय?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : बाल्सा आणि आपली काटेसावर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातली झाडे आहेत, म्हणून प्रश्न अगदीच अस्थानी नाही. बाल्सा दक्षिण अमेरिकेतले, आणि व्यापारात येणारे बहुतेक इक्वेडोरचे. परंतु सावरीचे लाकूड त्याच्या दुपटीहून जड असते. शिवाय गावाकडे कापलेल्या लाकडात ओल राहते आणि वाळताना ते पिळते. पांगारा खेळण्यांना उत्तम, पंखांना नको. सातपुड्याचा बांबू मात्र जरूर वापरावा. पतंगाला लावतो तशी कामटी तासून, मेणबत्तीच्या ज्योतीवर हलकेच फिरवत वाकवली, तर पंखाच्या टोकाची गोलाई एकाच अखंड काडीत होते आणि जमिनीवर आपटली तरी तुटत नाही. सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणारा दांडाही कामटीचा करता येतो.

पतंगाचा कागद लहान, रबरावर उडणाऱ्या मॉडेलसाठी ठीक आहे. ६० इंची पंखाला तो एकटा पुरत नाही. त्याखाली पातळ प्लास्टिक फिल्म इस्त्रीने ताणून बसवावी आणि वर कागद चिकटवावा. जुने रूपही मिळते आणि फाटतही नाही. त्यावर डोप (कागद आवळून ताणणारे वार्निशासारखे रसायन) लावायचा असेल तर आपल्या हवेचा विचार करावा. श्रावणात दमट हवेत डोपमधील थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि कागदावर दुधी डाग उमटतात. उलट मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात डोप पाहता पाहता वाळतो आणि कागद एका बाजूने आधी आवळला गेला की पंख पिळतो. पातळ हात द्यावेत, दोन्ही बाजूंना लागोपाठ द्यावेत, आणि वाळेपर्यंत पंख फळीवर वजन ठेवून दाबून ठेवावा. डोप भडकन पेट घेतो. चुलीजवळ किंवा विडी ओढणाऱ्या शेजाऱ्याच्या उपस्थितीत हे काम करू नये.

प्रश्न : विमान तयार आहे. पहिले उड्डाण कोठे आणि केव्हा करावे? परवाना लागतो काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ज्वारी काढलेले रान सपाट दिसते म्हणून लोक तेथे जातात आणि पहिल्याच उतरणीत धसकटे पंखाच्या आरपार जातात. कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या त्याहून वाईट. गुडघाभर गवत असलेले पडीक रान शोधावे. केळीच्या बागेपासून लांब राहावे. तेथे पडलेले विमान पुष्कळदा शाबूत मिळते, पण दिवस मावळल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ सर्वांत चांगली, तीही ऊन तापून हवा वर चढू लागण्याच्या आत.

मोटार न लावता आधी हाताने सोडून पाहावे. खांद्याच्या उंचीवर धरून चार पावले धावावे आणि नाक किंचित खाली ठेवून सरळ ढकलावे. १२ ते १५ मीटर सरळ तरंगत गेले तर ठीक. नाक वर करून धपकन बसले तर बॅटरी पुढे सरकवावी, डोके खाली घालून गेले तर मागे. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे वाटते. ही सवय संगणकावरील सिम्युलेटरवर आधी करून घ्यावी.

नियमांबाबत : ड्रोन नियम, २०२१ अन्वये २ किलोपर्यंतचे विमान व्यावसायिक हेतूशिवाय उडवण्यास रिमोट पायलटचे प्रमाणपत्र (पूर्वीचा परवाना) लागत नाही. हरित क्षेत्रात, म्हणजे नकाशावर उडवण्यास मोकळ्या दाखवलेल्या भागात, उंची ४०० फुटांपर्यंतच ठेवावी लागते, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहावा. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींच्या आसपास तर असे काही करण्याचा विचारही मनात आणू नये.

बॅटरीविषयी एवढेच की उड्डाण झाल्यावर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून कपाटात ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा. चार्ज करताना उठून जाऊ नये. आणि मे महिन्यात अमळनेरच्या उन्हात उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या डिकीत ती पाच मिनिटेही राहू देऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरता येत नाही.