कृषी सल्ला : औषध तेच, तुडतुडा मात्र तो राहिला नाही

भात निसवून पिकायला लागलंय, आंब्याला पालवी फुटतेय, आणि कार्यालयात तेच दोन प्रश्न पुन्हा येताहेत. एक आंब्याचा, एक भाताचा. दोन्हींचं मूळ एकच, कोण उरतं आणि पुढची वीण कुणाची होते, म्हणून उत्तर एकत्र देतो. शेवटी हापूसबद्दलचा एक छोटा प्रश्नही घेतो.

प्रश्न (देवगड, राजापूर, गुहागर भागातील बागायतदार) : काही वर्षांपूर्वी इमिडाक्लोप्रिडच्या एका फवारणीत तुडतुडा साफ व्हायचा. आता दुप्पट मात्रा घालूनही मोहोरावर मध (तुडतुड्याचा चिकट स्राव) पडतो, पानं काळी होतात. दुकानदार म्हणतो, कीड भारी झालीय, औषध पण भारी घ्या. काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी दुप्पट मात्रा बंद करा. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे १० लिटर पाण्याला ३ मि.ली. एवढंच. सहा नाही, सात नाही, टोपणाने अंदाजे तर मुळीच नाही.

कीड औषधाला ‘सरावते’ असं सगळे म्हणतात. तसं होत नाही. एका तुडतुड्याच्या जन्मात त्याच्या अंगात काही नवीन येत नाही. पण बागेतले सगळे तुडतुडे सारखे नसतात. हजारो तुडतुड्यांत एखाद्याच्या अंगी तुम्ही फवारायच्या आधीपासूनच असा गुण असतो की त्या औषधाने तो मरत नाही. कुणाच्या अंगात औषध लवकर मोडून निकामी होतं, कुणाच्या मज्जातंतूवर ते नीट बसत नाही. हा गुण जन्मजात असतो आणि पिल्लांत उतरतो. औषध नसेल तर त्याचा काही फायदा नाही, म्हणून असे तुडतुडे थोडेच राहतात. औषध मारलंत की मात्र मागे उरतात तेच, आणि पुढची वीण त्यांची.

हिशोब करून बघा. आकडे समजण्यापुरते आहेत. बागेत १०,००० तुडतुडे धरा, त्यातले १० चिवट, म्हणजे हजारात एक. एका फवारणीत साध्या तुडतुड्यांपैकी शंभरात ९५ मेले, चिवट एकही मेला नाही. उरले सुमारे ५०० साधे आणि १० चिवट. वीण होऊन पुन्हा १०,००० झाले, तर चिवट सुमारे २०० होतात. तीच फवारणी दुसऱ्यांदा केली की ४९० साधे, २०० चिवट. तिसऱ्यांदा केली की उरलेल्यांत दहातले नऊ चिवट. हजारात एक ते दहात नऊ, तीन फवारण्यांत.

आता मात्रा दुप्पट केली आणि साधे ९५ ऐवजी ९९ मेले असं धरा. पहिल्याच फवारणीनंतर उरलेल्यांत अकरात एक चिवट निघतो आणि दुसऱ्या फवारणीनंतर दहातले नऊ. म्हणजे जास्त औषध घालून तुम्ही एक फवारणी आधीच तिथे पोचलात. पैसे दुप्पट गेले, परागीभवन करणाऱ्या माश्या मेल्या, तुडतुडा खाणारे कोळी आणि मित्रकीटक मेले. प्रत्यक्षात सगळं इतकं सरळ नसतं, बाहेरून नवे तुडतुडे येतात, वीण मिसळते. पण दिशा हीच.

कमी मात्रा सुद्धा नको. औषध महाग म्हणून पाणी वाढवणारेही आहेत. कमी मात्रेत अर्धवट चिवट तुडतुडे जगतात, आपसात वीण करतात, आणि दोघांचा थोडाथोडा चिवटपणा एका पिल्लात जमा होतो. शिफारशीची मात्रा, मोजून. पुन्हा सांगतो : मोजून.

आता दुकानदाराबद्दल. दुकानदार औषध विकतो, बाग बघायला येत नाही. तो ‘हे बदलून घ्या’ म्हणून देतो ती बहुतेक वेळा नुसती बाटली बदललेली असते. इमिडाक्लोप्रिड गेलं म्हणून थायोमेथोक्झाम दिलं, तर दोन्ही एकाच गटातली, किडीच्या मज्जातंतूत एकाच जागी घाव घालणारी. एकाला जो तुडतुडा पुरून उरला, त्यातले बरेच दुसऱ्यालाही उरतात. डेल्टामेथ्रीन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही दोन्हीही एका गटातली. फुलकिड्यांसाठी (मोहोरावरची दुसरी बारीक कीड) स्पिनोसॅड चालेना म्हणून स्पिनेटोराम देतात, तेही त्याच घरचं. बाटलीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव. ते वाचू नका. खाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं, ते वाचा आणि वहीत तारखेसह लिहा. मागची फवारणी कोणत्या गटाची होती हे तुम्हाला सांगता आलं नाही, तर पुढची कोणती घ्यायची हे मीही सांगू शकत नाही.

तीन-चार औषधं एकाच टाकीत मिसळून देणारे आहेत, त्यांचं तर अजिबात ऐकू नका. एका वेळी तीन गटांची गाळणी लावलीत, तर तिन्हींतून निसटणारा तुडतुडाच पुढच्या हंगामाला बी म्हणून उरतो. मग वापरायला औषधच शिल्लक नाही. पिकाच्या नावावर शिफारस नसलेलं औषध, बिलाशिवाय दिलेलं औषध, ‘टॉनिक आहे, घाला सोबत’ म्हणून दिलेली पुडी, यातलं काही घेऊ नका. बिल नसेल तर औषध भेसळीचं निघालं तरी तक्रार उभी राहत नाही.

वेळ. पालवीवर पहिली फवारणी आणि बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना दुसरी, या दोन वेळा चुकवून मध पडायला लागल्यावर धावपळ करणारे अर्धेअधिक बागायतदार आहेत. तुडतुडा पावसाळाभर सालीच्या भेगांत दडून असतो, पालवी आणि मोहोर आला की अंडी घालतो. दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. मध दिसतो तेव्हा पिढ्या एकमेकांत मिसळलेल्या असतात, अंडीही असतात, पिल्लंही, मोठेही. मग काही मारलं तरी बरेच उरतात आणि तुम्ही पुन्हा मारता. ब्युप्रोफेझीन तर पिल्लांवरच चालतं, कारण ते कात टाकताना नवं कवच बनू देत नाही. उडणाऱ्या मोठ्या तुडतुड्यांवर ते मारून ‘औषध फुकट गेलं’ म्हणू नका. पूर्ण फुललेल्या मोहोरावर फवारणी करू नका. आणि शेजाऱ्याने पंप बाहेर काढला म्हणून तुम्ही काढू नका. आधी झाडाखाली जा, मोहोर हलवा, किती उडतात ते बघा.

फुलकिड्यांचं गणित आणखी कडक आहे. त्यांचे नर फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात, म्हणून नराच्या अंगात प्रत्येक गुणाची एकच प्रत असते. दोन प्रती असलेल्या किडीत एखादा चिवट गुण दबून राहू शकतो, नरात तो लपत नाही. औषध मारलं की लगेच निवडला जातो. म्हणून फुलकिड्यांवर एकच औषध लागोपाठ दोनदा नाही. दुकानदार काहीही म्हणो.

हे काही आजचं नाही. अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांत चुना-गंधकाला न मरणारी खवलेकीड १९१४ साली नोंदली गेली. डीडीटीला न मरणारी घरमाशी १९४० च्याच दशकात निघाली. आपल्याकडे बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेली कपाशी, २००२ साली आली. कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या, म्हणजे तिथली साधी बोंडअळी जगेल आणि चिवट अळीशी तिची वीण मिसळेल, असा नियम होता. बहुतेकांनी त्या ओळी लावल्या नाहीत. दशकभरात गुजरातमधून बीटीला न मरणाऱ्या गुलाबी बोंडअळीची नोंद झाली, आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांनी पुढे काय भोगलं ते तुम्ही वाचलंय.

त्यावरून माझा एक आग्रह, जो मी प्रत्येक बैठकीत धरतो : बांधावरचं रायवळ (कोयीपासून वाढलेलं) झाड फवारू नका. तिथे साधे तुडतुडे जगू द्या. ते तुमच्या कलमांवर येतील, पण चिवटांशी वीण करतील आणि चिवटांचं प्रमाण खाली ओढतील. पाच-पन्नास कलमांमागे एखादं रायवळ पुरे. ते तोडायला निघाला असाल तर थांबा. त्याचबरोबर आंबे उतरल्यावर कलमाच्या मधल्या फांद्या विरळ करा, ऊन आत जाऊ द्या. तुडतुड्याला दाट सावली लागते. विरळणीला न मरणारा तुडतुडा अजून जन्मलेला नाही, आणि ही गोष्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही.

विम्याचं विचारतात म्हणून एका ओळीत : फळपीक विमा हवामानाच्या निकषांवर आहे, तुडतुड्याने गेलेल्या मोहोराची भरपाई त्यात धरू नका.

प्रश्न (लांजा आणि पेण भागातून) : रत्नागिरी १ या भाताच्या वाणाचं घरचं बी पाच वर्षं वापरतोय. आता शेतात काही झाडं उंच, काही आधी पिकून गळणारी. दुकानदार म्हणतो घरचं बी कमजोर होतं, दरवर्षी संकरित घ्या. खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) राता भाताचंही तसंच सांगतो.

उत्तर : बी कमजोर होत नाही. भातात परागीभवन आपल्याच फुलात होतं, परक्या वाणाशी मिसळ फार थोडी. बिघडतं ते भेसळीने. खळ्यावर दोन वाणांची झोडणी एकत्र झाली, मागच्या वर्षीचे गळालेले दाणे चिखलणीतून वर आले, की भेसळ शेतात शिरते. आणि मग तुम्ही निवड केली नाहीत तर शेत आपली निवड करतं. जे झाड जास्त दाणे टाकतं, ज्याचे दाणे कापणीआधी गळून जमिनीत राहतात, ते दरवर्षी वाढत जातं. भात तुम्हाला चांगलं लागतं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अमेरिकेत बार्लीच्या ११ वाणांचं मिश्रण वेगवेगळ्या ठिकाणी वर्षानुवर्षं पेरून बघितलं, निकाल १९३८ साली आले. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे वाण वरचढ ठरले होते, आणि काही वाण जवळजवळ नाहीसे झाले होते.

म्हणजे तुम्ही दरवर्षी तुडतुड्याचं बियाणं निवडून ठेवता आणि भाताचं निवडत नाही. हे उलटं करा.

कापणीच्या आधी शेतात उतरा. निसवताना एकदा, पिकताना एकदा. उंच, वेगळ्या रंगाचं, आधी पिकलेलं, कुसळाचं, जे वाणाचं नाही ते उपटून बांधावर टाका. मग शेताच्या मधल्या भागातल्या चांगल्या लोंब्या कापून वेगळ्या झोडा. बांधाजवळचं किंवा उकिरड्याशेजारचं झाड जोमदार दिसतं म्हणून घेऊ नका. त्याचा जोम खताचा आहे, तो बियात उतरत नाही. ढिगातून टपोरे दाणे वेचणं म्हणजे निवड नव्हे. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून तरंगणारं बी काढून टाका, तेही करायचंच. पण त्याने पोचट आणि रोगट बी जातं, भेसळ जात नाही. शुद्ध वाणाचं बी तीन वर्षांनी एकदा प्रमाणित घेऊन बदला, दरवर्षी नाही.

संकरित भाताचं बी, सह्याद्रीसारखं, घरी ठेवू नका. पुढच्या पिढीत गुण फुटून सगळीकडे पसरतात. एवढं एक दुकानदार बरोबर सांगतो, पण ते संकरितापुरतंच. सुधारित आणि गावठी वाणाचं बी ठेवण्याचा, वापरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. ब्रँड लावून विकता येत नाही, इतकंच.

राता भाताबद्दल मात्र जरा जास्त सांगायला हवं. खाजणात भरतीचं पाणी आत शिरलं की साधं भात करपतं. पिढ्यानपिढ्या तिथे जे जगलं त्याचंच बी पुन्हा पडलं, म्हणून काळा राता, भुरा राता खारं पाणी सोसतात. तुमच्या पणजोबांनी राखलेलं आणि मिठाने पारखलेलं बी आहे ते. अशा गावठी वाणात अजून विविधता असते, निवडीला वाव असतो. झिनी, कोळंब, पाटणी यांच्यातूनच एकेका झाडाचा वंश वेगळा काढून झिनी ३१, कोळंब १८४, पाटणी ६ हे वाण झाले. म्हणून दोन गोष्टी सांभाळा. खाजणातलं बी खाजणातच निवडा, गोड्या मळ्यातून नाही, कारण गोड्यात मीठ न सोसणारंही तितकंच छान दिसतं. आणि बी निदान शंभर-दोनशे झाडांवरून घ्या. चार-पाच झाडांवरून घेतलंत तर उरलेल्यांतले गुण निव्वळ योगायोगाने हरवतील आणि परत येणार नाहीत. दुकानदाराने दिलेलं गोड्या जमिनीचं संकरित बी खाजणात टाकू नका. पैसे आणि वर्ष दोन्ही जाईल.

प्रश्न (वेंगुर्ला) : हापूसमध्येच तुडतुडा न लागणारं झाड निवडता येईल का?

उत्तर : फारसं नाही. हापूस कलमाने वाढतो, म्हणजे तुमची सगळी कलमं मूळ झाडाचाच विस्तार. कलमाच्या डोळ्यात (कोंबात) क्वचित बदल होतो, तेवढाच फरक. जिथे फरक नाही तिथे निवड कशातून करणार? तुडतुडा दर दोन-तीन आठवड्यांनी नवी पिढी काढतो, हापूस शेकडो वर्षं तोच आहे. कोयीपासून वाढवलात तर झाड वेगळं निघतं, पण ते हापूस राहत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढला तो १९८१ साली, पुढे रत्ना आणि हापूस यांच्यातून सिंधू. आधी संकराने फरक निर्माण केला, मग त्यातून निवडलं.

कोकणात आता फरक उरलाय तो रायवळात. एकेका कोयीचं एकेक वेगळं झाड. तुमच्या परड्यात, बांधावर असं एखादं रायवळ असेल की ज्याच्या मोहोरावर लागोपाठ दोन-तीन वर्षं न फवारताही मध पडत नाही, तर त्याला रंगाची खूण करा, मोहोराचा फोटो काढून ठेवा आणि झाड विकायच्या किंवा तोडायच्या आधी आमच्या कार्यालयात किंवा विद्यापीठात कळवा. काड्या घेऊन त्याची कलमं बांधायला पावसाळ्याच्या सुरुवातीला वेळ मिळेल, म्हणून मे महिन्यापर्यंत सांगा.