शेतकऱ्याने पीकही घ्यावं आणि निसर्गही जपावा, यासाठी सरकार खरंच मदत करतं का?

तुम्ही विचारलंय की मुंबईतली नोकरी सांभाळून गावचं भातशेत पुन्हा कसायचंय, माती-पाणी-झाडंही राखायची आहेत, तर सरकारी मदतीचा उपयोग होतो की योजना नुसत्या कागदावरच असतात.

उपयोग होतो. पण पैसा कुठल्या दारातून येतो ते आधी बघा.

मी भांडुपला राहतो. आमचं शेत शहापूर तालुक्यात, धाकटा भाऊ कसतो. मी पेरणीला आणि कापणीला जातो. मुंबई ज्या सात तलावांचं पाणी पिते त्यांतले तानसा आणि भातसा आमच्याच तालुक्यात आहेत. खाचरात टाकलेलं खत पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागतं आणि ओढा पुढे कुठे जातो ते वेगळं सांगायला नको. म्हणून हा प्रश्न मला गावाइतकाच इथेही लागू वाटतो.

सगळ्यात मोठी मदत आहे युरियाच्या गोणीत. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट, वरचा भार केंद्र सरकार उचलतं. खतांवरचं एकूण अनुदान गेली काही वर्षं दरवर्षी दीड लाख कोटी रुपयांच्या वर आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला केंद्र आणि राज्यं मिळून २,४८१ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शेतकरी युरियाचीच गोणी का उचलतो ते कळतं. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात मातीचे १२ घटक तपासून दिलेले असतात. आमच्या पत्रिकेत नत्र, म्हणजे युरिया, कमी करा असं स्पष्ट लिहिलं होतं. पण स्वस्त गोणी दारात असताना कागदावरचा सल्ला पाळणं सोपं नाही. भावाने पाळला, तोही तीन वर्षांनी.

सेंद्रिय शेतीसाठी परंपरागत कृषी विकास योजना आहे. गावातल्या शेतकऱ्यांचा गट करायचा, सगळ्यांची मिळून साधारण २० हेक्टर जमीन, तीन वर्षं मदत आणि शेवटी प्रमाणपत्र. कल्पना मला मनापासून पटते. आमचा गटही झाला होता. अडलं ते विक्रीत. पैसे उशिरा आले, तेही चाललं असतं. पण सेंद्रिय भात गिरणीत बाकीच्यांच्याच ढिगात पडला, त्याच दराने. पहिली दोन वर्षं पीक कमी येतं, त्या घटीची भरपाई कुठेच नव्हती. तिसऱ्या वर्षी गटातले निम्मे लोक परत युरियावर गेले, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आता ज्याने आमच्याकडे खरा फरक पडला ते सांगतो. पूर्वी मे महिन्यात आई राब भाजायची. ऐनाच्या फांद्या तोडायच्या, शेण आणि पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकून पेटवायचं, त्यात रोपं करायची. मग चिखलणी, मग लावणी. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक वेगळी पद्धत बसवली, सगुणा राईस तंत्र म्हणतात तिला. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. भावाने दोन गुंठ्यांवर करून पाहिलं. दुसऱ्या वर्षी त्याने फावड्याने वाफ्याचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. माती भुसभुशीत, जुन्या मुळांच्या जागी बारीक नळ्या, आणि त्यांत गांडुळं. त्या खाचरात मी लहानपणापासून राबलोय, तरी गांडुळं इतकी कधी पाहिली नव्हती. यात तणनाशक वापरावं लागतं, ही माझी मोठी तक्रार आहे. बांधावरच्या टाकळा आणि कुर्डू या रानभाज्या त्याने मरतात. म्हणून आम्ही बांधाला फवारा लागू देत नाही, तिथे विळ्यानेच तण काढतो. त्या जादा मजुरीला मात्र कुठली योजना नाही.

माझ्या मते चांगल्या मदतीचा नमुना महाराष्ट्राकडेच आहे. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली, कोकणातल्या आंबा-काजूचा विस्तार बराचसा त्यातून झाला. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनाही आहे. तिच्यात अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच. कोरडवाहूत ८० टक्के, बागायतीत ९० टक्के झाडं जिवंत हवीत. म्हणजे पैसा पावतीवर नाही, उभ्या झाडावर मिळतो. आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर आंबा लावला तेव्हा भावाने उन्हाळाभर डोक्यावरून हंडे नेले, कारण झाड मेलं तर हप्ताही जाणार होता. (डोंगर सपाट करून एकच काजू लावणं मला पटत नाही, जुनी झाडं ठेवूनच लावा.) हीच रीत माती, बांध, झरा यांनाही लावता येईल. राब न भाजणाऱ्याला, झऱ्याकाठची झाडं राखणाऱ्याला दरवर्षी पाहणी करून पैसे द्यावेत.

सेंद्रिय भातासारखंच नाचणीचंही विक्रीत अडतं. २०२५-२६ साठी तिचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, साध्या भाताचा २,३६९. वरकसावर पाण्याशिवाय येणारं पीक, भाव दुप्पट. पण आमच्या भागात खरेदी केंद्र भाताचं उघडतं, नाचणी भाऊ व्यापारी म्हणेल त्या दराने देतो.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर सातबारा आधी आपल्या नावावर करून घ्या, त्याशिवाय महाडीबीटीवर, म्हणजे योजनांच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज पुढे जात नाही. मे महिन्याच्या आत गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) प्रत्यक्ष भेटा, माती तपासून घ्या. ठिबकला केंद्र आणि राज्य मिळून अल्पभूधारकाला ८० टक्के अनुदान आहे, फळझाडांना घ्याच. आणि पहिल्या वर्षी सगळं शेत बदलू नका. दोन गुंठे पुरेत. आमच्या त्या दोन गुंठ्यांचे आता वीस झालेत.