कर्ज काढून पुण्याला बीबीए, की जळगावला राहून बी.कॉम.?

चोपडा तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय: बारावी कॉमर्स झाली, गणित विषय घेतला नव्हता, घरी केळी-कापसाची शेती. फायनान्स शिकायचंय, तर शैक्षणिक कर्ज काढून पुण्याला बीबीए (व्यवस्थापनाची पदवी) करावं की जळगावला बी.कॉम.? आणि फायनान्समध्ये नेमकं शिकवतात तरी काय?

ताई, मी अमळनेरची. जळगावात बी.कॉम. केलं, पुढे एम.कॉम., आणि आता बँकेत कर्जाच्या फायली तपासते. तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते. आधी तुझा शेवटचा प्रश्न घेते, तो सुटला की बाकीचं ठरवणं सोपं जाईल.

आज हातात असलेले शंभर रुपये आणि वर्षाने मिळणारे शंभर रुपये यांची किंमत सारखी नसते. फरक किती धरायचा, आणि वर्षाने ते मिळतीलच याची खात्री किती, या दोन प्रश्नांवर अख्खा विषय उभा आहे. केळीचंच बघ. रोपं, ठिबक, खत, मजुरी हा खर्च आधी होतो. पैसा येतो तो साधारण वर्षभराने, तोही कापणीच्या दिवसांत बऱ्हाणपूरला जो भाव निघेल त्याच्या हिशोबाने. मधे मे-जूनचं वादळ आलं तर उभी बाग आडवी. खेळतं भांडवल, भावाची जोखीम, विमा हे सगळं यात आलं. तुझे वडील ते वर्षानुवर्षं सांभाळतायत, पदवीत तुला त्याला आकडे लावायला शिकवतील.

एक हिशोब करून दाखवते, कारण माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या चांगल्या शिकलेल्या लोकांनाही तो येत नाही. गाडीसाठी एक लाख रुपये कर्ज, फ्लॅट १२ टक्के, तीन वर्षं. व्याज झालं ३६ हजार, एकूण फेड १ लाख ३६ हजार, महिन्याचा हप्ता ३,७७८ रुपये. माणूस खूश, कारण १२ टक्के जास्त वाटत नाहीत. पण पूर्ण एक लाख तुझ्याकडे फक्त पहिला महिनाभर असतात. दर हप्त्यात थोडं मुद्दल परत जातं, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या शिलकेवर तोच हप्ता मांडला तर दर निघतो वर्षाला २१ टक्क्यांच्या जरा वर. एक्सेलमध्ये ‘रेट’ नावाचं सूत्र आहे, त्यात ३६ महिने, हप्ता (उणे चिन्ह लावून) आणि एक लाख भर आणि आलेल्या उत्तराला १२ ने गुण. मी सांगतेय म्हणून मानू नकोस, स्वतः करून बघ. करताना मजा आली तर हा विषय तुझा आहे.

पुढच्या वर्षांत हेच वाढत जातं. नवं यंत्र घ्यावं का, भांडवल भाग म्हणजे शेअर विकून उभं करावं की कर्जातून, बाजारातला व्याजदर वाढला की रोख्याची (बाँडची) किंमत का पडते. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेला गुंतवणूक विभागण्याचा सिद्धांतही शिकशील, ज्या कामासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. त्याचा गाभा असा की दोन गुंतवणुकी एकाच वेळी, एकाच कारणाने बुडणाऱ्या नसाव्यात. केळीबरोबर थोडा कापूस लावणाऱ्या घराला हे वेगळं समजवावं लागत नाही. अवघड भाग त्यातलं संख्याशास्त्र आहे.

म्हणून गणिताचं. घाबरण्यासारखं नाही, पण टाळताही येणार नाही. बारावी कॉमर्सच्या गणिताचं दुसरं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातला विमा आणि वार्षिकीचा (ठरावीक काळाने येणाऱ्या हप्त्यांचा) धडा आणि प्रतीपगमनाचा धडा, म्हणजे रिग्रेशन, एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं, कॉलेज सुरू होण्याआधी वहीत सोडव. चक्रवाढ व्याज पक्कं नसेल तर आधी ते.

आता पुणे की जळगाव. समजा तीन वर्षं दरवर्षी दोन लाख, असं सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी काढलं. हप्ते सहसा कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिला पैसा उचलल्या दिवसापासून चढतं. प्रत्येक दोन लाखांवर ते उचलल्यापासूनचं साधं व्याज धरलं तरी चार वर्षांनी सहाचे ७ लाख ८० हजार होतात. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला जवळपास १३ हजार. नवीन पदवीधराला मिळणाऱ्या पगारातून पुण्याचं खोलीभाडं, डबा आणि वर हे १३ हजार काढून बघ. फार नावाजलेलं कॉलेज मिळत असेल, किंवा घरून कर्जाशिवाय होत असेल, तर जरूर जा. कुठल्याही साध्या खासगी कॉलेजच्या बीबीएसाठी एवढं ओझं घेऊ नकोस, असं मी स्पष्ट सांगते.

आणि आपल्याकडची पदवी कमी नसते. १९९० च्या आधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, आता जळगाव, धुळे, नंदुरबारला बहिणाबाईंच्या नावाचं आपलं विद्यापीठ आहे. बँकेच्या परीक्षेला दोन्ही पदव्या सारख्याच चालतात. बी.कॉम.ला ५५ टक्के असले तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट नोंदणी होते, फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागत नाही. शिकवणं मात्र कॉलेजागणिक बदलतं, तेव्हा प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार की तास होतात का.

तरीही बीबीएच करायचं असेल तर दोन गोष्टी. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे गेले आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झाली, तिचा अर्ज चुकवू नकोस. आणि त्याच वर्षापासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. तुझ्या कॉलेजला, त्या कोर्सला ते लागू आहे का, हे प्रवेशाआधी लेखी घे.

एक काळजीपोटी सांगते. फायनान्स म्हटलं की आजूबाजूची मुलं मोबाइलवर ऑप्शन (शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) खेळायला लागतात, क्लासवाले तेच विकतात. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास सांगतो की तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात होते. माझ्या गावात १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो. तिचे भाग अमळनेरच्या घराघरांत पिढ्यानपिढ्या जपून ठेवले गेले. भाग म्हणजे धंद्यातली मालकी, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. तू त्या बाजूने शिक. विप्रोचा किंवा जळगावच्या जैन इरिगेशनचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावरून उतरवून घे आणि नफ्याच्या आकड्याआधी रोख प्रवाहाचं पत्रक वाच. नफा दिसतोय पण पैसा आला का, येणी किती अडकलीत, हे तिथे कळतं. कर्जाची फाइल आली की मीही आधी तेच पान उघडते.

पहिल्या वर्षापासूनच जळगावातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात अर्धवेळ बसता आलं तर बघ. पैसे थोडेच मिळतील, पण दाल मिल, जिनिंग, सराफ, केळीचे व्यापारी अशा सगळ्यांची खरी खाती एका टेबलावर बघायला मिळतात. विचारायला जाताना महिन्याची ११ आणि २० तारीख टाळ, जीएसटी रिटर्नच्या गडबडीत कुणी बोलायला मोकळं नसतं. २२-२३ तारखेला सकाळी जा, मार्कशीटची प्रत सोबत ठेव, आणि टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर येत नसेल तर येत नाही म्हणून सांग. ते तिथेच शिकवतात.