बूटपॉलिशच्या डबीतल्या गोळ्या

प्रश्न : मॅडम, मी कोरेगाव तालुक्यातला, वय 19. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, 1971 ला जमालपूरच्या लढाईत होते. मी दीड वर्ष भरतीच्या अॅकॅडमीत आहे. 1600 मीटर 5 मिनिटं 12 सेकंदांत मारतो, बीम (पुल-अप्स) दहा पूर्ण. गेल्या वर्षी संडासातून रक्त जायला लागलं. चार महिने मूळव्याधीचं औषध खाल्लं. शेवटी साताऱ्यात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार) निघालं. मेसालामाइनच्या गोळ्या चालू आहेत, सात महिने काहीच त्रास नाही. अग्निवीरची लेखी परीक्षा पास झालोय, मैदान दोन महिन्यांवर आहे. अॅकॅडमीचे सर म्हणतात, ‘मेडिकलला दुर्बीण घालत नाहीत, तोंड बंद ठेव, आठ दिवस आधी गोळ्या थांबव.’ होडीच्या शर्यतीतल्या स्टीव्ह रेडग्रेव्हला हाच आजार होता, तरी त्याने ऑलिंपिक सुवर्ण मारलं असं वाचलं. मग सांगू की लपवू?

उत्तर : सांग. आणि सांगितल्यावर तुला घेणार नाहीत, हेही आत्ताच सांगते, म्हणजे उरलेला मजकूर तू आशेने वाचणार नाहीस. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि त्याचाच भाऊबंद क्रोन्स, हे दोन्ही आतड्याचे आजार असले की सैन्यभरतीत अपात्र ठरवतात. अग्निवीर असो की एनडीए, दार बदललं म्हणून नियम बदलत नाही.

तुझ्या सरांचं एक म्हणणं खरं आहे. भरतीच्या मेडिकलला दुर्बीण घालत नाहीत. पोट दाबून बघतात, हर्निया, मूळव्याध, भगंदर बघतात, रक्त-लघवी तपासतात. आज तुझं हिमोग्लोबिन बरं असेल तर तू त्या टेबलावरून सहज उतरशील. मी स्वतः अशा टेबलाच्या पलीकडे बसलेय. समोर रांगेत दोनशे पोरं असताना बरं दिसणारं आतडं कुणाला ओळखू येत नाही. म्हणून मेडिकल पास होशील की नाही, याची मला काळजी नाही. त्यानंतर गोळ्या ठेवणार कुठे, ते सांग.

नव्वदच्या दशकात मी एका प्रशिक्षण केंद्राजवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात होते. अकराव्या आठवड्यात एक रंगरूट आणला, मराठवाड्यातला, तुझ्याच वयाचा. परेडवर चक्कर येऊन पडलेला. उन्हाने असेल म्हणून पाठवला होता. हिमोग्लोबिन साडेसहा. वजन भरतीच्या वेळेपेक्षा नऊ किलोने कमी. दिवसातून चौदा-पंधरा वेळा जावं लागत होतं आणि प्रत्येक वेळी रक्त. ‘मूळव्याध आहे, मॅडम,’ एवढंच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचं सामान आलं. त्यात बूटपॉलिशची रिकामी डबी होती, आत कापूस आणि कापसात तीन गोळ्या. रंगरूटाची पेटी कधीही उघडून बघतात, पण पॉलिशची डबी कोण उघडतो! दिवसाला सहा घ्यायच्या होत्या. पुरवून पुरवून तो एक घेत होता, नंतर दोन दिवसांतून एक. रजा नाही, फोन नाही, संपल्या की आणणार कुठून? ‘उस्तादला (कवायत शिकवणाऱ्याला) सांगायचं होतंस,’ मी म्हणाले. तो म्हणाला, ‘मॅडम, फॉल-इनच्या रांगेतून तीनदा संडासला जायची परवानगी मागितली. चौथ्यांदा मागायची लाज वाटली.’

आतडं वाचलं त्याचं. स्टेरॉइड दिली, दोन बाटल्या रक्त दिलं. मग मेडिकल बोर्ड बसलं. आजार भरतीआधीचा का, या प्रश्नाला तो ‘हो’ म्हणाला, कारण तोवर खोटं बोलायचं त्राण राहिलं नव्हतं. घरी गेला तो रिकाम्या हाताने. या बोर्डाचा अहवाल मी लिहिला होता, आणि आजही मला तो बरोबरच वाटतो. पण तो पॉलिशचा वास अजून नाकात आहे.

आता कायद्याचं. नावनोंदणीच्या अर्जावर जुन्या आजारांबद्दल विचारतात आणि खाली तुझी सही असते. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 44 नुसार भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं कोर्टमार्शलमध्ये सिद्ध झालं, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दरवेळी इतकं ताणत नाहीत, नुसतं घरीही पाठवतात. पण त्या सहीखाली तुझं नाव असेल, सरांचं नव्हे. सरांची फी तर तू आधीच भरलेली आहेस.

गोळ्या आठ दिवस थांबवण्याचा सल्ला मात्र मला निव्वळ चीड आणणारा वाटतो. तू सात महिने बरा आहेस तो आजार गेला म्हणून नव्हे, गोळी चालू आहे म्हणून. ती बंद केली, त्यात रात्रीची जागरणं आणि धावून पाय दुखतात म्हणून खाल्लेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, एवढं आजार उलटायला पुरतं. अॅकॅडमीतली मुलं या दुखण्याच्या गोळ्या चण्या-फुटाण्यांसारख्या खातात, ते मला माहीत आहे. तू आजपासून बंद कर.

रेडग्रेव्हचं तू वाचलंस ते खरं आहे. 1992 मध्ये त्याला हा आजार निघाला. त्या वर्षी बार्सिलोनात, मग अटलांटात आणि 2000 ला सिडनीत त्याने सुवर्ण जिंकलं. म्हणजे हा आजार असलेलं शरीर कमजोर असतं असं मुळीच नाही, आणि तुझं 5:12 तर मला या वयात स्वप्नातही दिसत नाही. पण शर्यत संपली की काठावर संडास असतो, डॉक्टर असतो, औषधाचा साठा असतो. सियाचीनच्या चौकीवर बर्फाचं वादळ सुरू झालं की कित्येक दिवस बंकरबाहेर पडता येत नाही. रात्रीच्या गस्तीत एक जण दर वीस मिनिटांनी आडोशाला जायला लागला तर बाकीचे नऊ जण त्याच्यासाठी उघड्यावर थांबतात. हेलिकॉप्टर येतं ते हवा खुली झाल्यावर. आजार वाढला आणि अझाथायोप्रिनसारखं औषध लागलं तर प्रतिकारशक्ती दबते, रक्त वरचेवर तपासावं लागतं. इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. सैन्य तुला नाकारतं ते तुझी ताकद कमी म्हणून नव्हे, तुझं औषध तुझ्यापर्यंत रोज पोचवायची हमी त्यांना देता येत नाही म्हणून.

एक गोष्ट मात्र कर, भरतीसाठी नव्हे, स्वतःसाठी. दुर्बिणीचा आणि तुकड्याचा रिपोर्ट एखाद्या पोटविकारतज्ज्ञाला दाखव. आपल्याकडे आमांश आणि आतड्याचा क्षयही अशीच सोंगं घेऊन येतात. तुझं निदान मला पत्रावरून पक्कं वाटतंय, तरी दुसऱ्या नजरेने पाहिलेलं बरं. (इतर वाचकांसाठी : परीक्षेच्या सकाळी पोट बिघडणं, तेही रक्त नाही, वजन घटणं नाही, म्हणजे बहुधा आयबीएस. तो वेगळा प्रकार आहे. वरच्या कोलायटिस-क्रोन्सना आयबीडी म्हणतात; दोन अक्षरं सारखी म्हणून घाबरून भरती सोडू नका.)

वर्दीच हवी, असं तू पुढच्या पत्रात लिहिणार, ते मला दिसतंय. त्यावर माझ्याकडे औषध नाही. एवढं सांगते की मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, ऑर्डनन्स डेपो, खडकीचा दारूगोळा कारखाना अशा ठिकाणी नागरी पदं निघतात. तिथेही मेडिकल असतं, पण ते तुला चौकीवर पाठवण्यासाठी नसतं, आणि गोळ्यांची पट्टी टेबलाच्या खणात उघड ठेवता येते. आजोबांना कसं सांगायचं, हे तू विचारलं नाहीस, तरी मला वाटतं तुझा खरा घोर तोच आहे. जमालपूर पाहिलेल्या माणसाला नापास झालेल्यापेक्षा लपवून गेलेला जास्त खटकेल. त्यांना आधी सांग, सरांना नंतर.

प्रश्न : माझे मिस्टर हवालदार आहेत, नोकरीला अकरा वर्षं झाली. भरतीच्या वेळी काही नव्हतं. आता उत्तरेकडे पोस्टिंगवर असताना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं. त्यांना घरी पाठवतील का? पेन्शन तर पंधरा वर्षांनंतर मिळते ना? — गडहिंग्लज तालुक्यातून एक भगिनी

उत्तर : ताई, लगेच पाठवत नाहीत. भरती होणाऱ्याचा आणि नोकरीत आजारी पडलेल्याचा हिशेब वेगळा असतो. मिस्टरांना लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची खालची श्रेणी, मिळेल. घरात ‘एलएमसी झाले’ असं ऐकाल, तेव्हा घाबरू नका. आधी तात्पुरती देतात, मग बोर्ड पुन्हा बघतं. उंचावरची आणि एकट्याची ड्यूटी बंद होते, हॉस्पिटल जवळ असेल अशा जागी काम मिळतं. अशी कितीतरी माणसं मी पूर्ण नोकरी करून निवृत्त होताना पाहिली आहेत.

आजारपणामुळेच सेवेतून काढायची वेळ आली, तर पंधरा वर्षांची अट हा शेवटचा शब्द नसतो. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत वाढला असं ठरलं, तर अपंगत्व पेन्शनचा हक्क येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं आणि आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. तुमच्या मिस्टरांच्या अर्जातला जुन्या आजारांचा रकाना खरोखरच कोरा होता, आणि आज त्यांच्या बाजूने तोच उभा राहू शकतो. वरच्या पत्रातल्या मुलाने हाही भाग वाचावा.

कागद जपा. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा कोणत्या पोस्टवर होते, कोणत्या तारखेला सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद) केला, कुठे दाखल झाले, हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. दोन वर्षांनी तारखा आठवत नाहीत. प्रत्येक बोर्डाच्या कागदाची प्रत मागा. निर्णय विरोधात गेला तर आधी अपील असतं, नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज कसा लिहायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि रजेवर आले की गोळ्या चुकवू देऊ नका. ‘घरी आलं की बरं वाटतं’ म्हणून त्या सगळ्यात जास्त रजेतच चुकतात.