काडी तीच, खुंट वेगळा

तुमचा प्रश्न असा: एकच जनुक बंद केलेले उंदीर एका प्रयोगशाळेत मरतात, दुसरीत जगतात, मग खोटं कोण बोलतंय? बहुतेक वेळा कोणीच नाही. आधी विचारायचं, उंदीर कुठल्या स्ट्रेनचे, म्हणजे प्रयोगशाळेत वेगळ्या राखलेल्या कुठल्या वाणाचे?

मी डिचोलीचा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. हा भाग आला की मी मानकुराद आंब्याच्या कलमांपासून सुरुवात करतो. काडी एकाच झाडाची, पण खुंट रायवळ कोयींचे, दर कोय निराळी. एक कलम पाचव्या वर्षी मोहरतं, शेजारचं नुसती पालवी काढत बसतं. (दाखला ताणू नका, कलमात दोघांची जनुकं मिसळत नाहीत.)

आता उंदीर. १९९५ मध्ये ईजीएफआर हे पेशींच्या वाढीशी संबंधित जनुक वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये बंद करून पाहिलं. सीएफ-१ उंदरांत गर्भ रुजण्याच्या सुमारासच संपले. ‘१२९’ नावाच्या स्ट्रेनमध्ये ते, गर्भाला पोसणारी वार बिघडल्यामुळे, गर्भकाळाच्या मध्यावर गेले. सीडी-१ मध्ये मात्र पिल्लं जन्मली आणि जवळपास तीन आठवडे जगली. बिघाड तोच! फरक बाकीच्या हजारो जनुकांचा; त्यांतली काही उणीव भरून काढतात, काही ती आणखी चिघळवतात.

त्याआधी १९७३ मध्ये अमेरिकेच्या जॅक्सन प्रयोगशाळेत कोलमन आणि हमेल यांनी लठ्ठपणा आणणाऱ्या ‘ओबी’ या जनुकाच्या बिघाडात हेच दाखवलं होतं. हा बिघाड असलेले ब्लॅक सिक्स स्ट्रेनचे उंदीर लठ्ठ होतात, पण त्यांची साखर थोडी चढून पुढे सावरते. ब्लॅक केएस या जवळच्याच स्ट्रेनमध्ये तीव्र मधुमेह होतो आणि ते लवकर मरतात.

मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट कॅस्पेस-१ या, दाह आणि पेशींच्या मरणाशी संबंधित जनुकाची. हे जनुक नसलेले उंदीर जिवाणूंच्या विषाने मरत नाहीत, म्हणून ते विष मारतं ते कॅस्पेस-१ मुळेच, असं कित्येक वर्षं धरलं गेलं. ते उंदीर १२९ च्या मूळपेशींतून बनवलेले, आणि १२९ मध्ये शेजारचं कॅस्पेस-११ मुळातच मोडकं! दोन्ही जनुकं इतकी चिकटून की ब्लॅक सिक्सशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करूनही सुटत नाहीत. म्हणजे त्या उंदरांत दोन्ही जनुकं निकामी होती. २०११ मध्ये उलगडलं की त्या विषाने मरण्यासाठी लागतं ते कॅस्पेस-११.

त्यामुळे शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. स्ट्रेनचं पूर्ण नाव आहे का? तुलना एकाच वेताच्या भावंडांशी केली, की बाहेरून विकत आणलेल्या ‘सामान्य’ उंदरांशी? दुसरं असेल तर मी तो निबंध वर्गात नेत नाही.