टर्मिनलची लाइन लांबवताय? रिपीटर वाढवण्याआधी ग्राउंड मोजा

रिपीटर टाकूनही पलीकडच्या इमारतीतल्या टर्मिनलवर (मुख्य संगणकाला केबलने जोडलेला कीबोर्ड-पडदा) मधूनच भलती अक्षरं उमटतात आणि मोठ्या मोटारी सुरू झाल्या की जास्तच, असं तुम्ही लिहिलंय. हाच ताप आम्ही भोगलाय. बॉड रेट (लाइनीचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) दोन्हीकडे जुळतंय असं धरून चालतो.

टर्मिनलची लाइन ज्या मानकावर चालते त्या आरएस-२३२ ची केबलसाठीची १५ मीटरची जुनी मर्यादा तुम्हाला ठाऊक असेलच. पुढच्या आवृत्तीत तिच्याजागी केबलच्या कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची), २५०० पिकोफॅरडची मर्यादा आली. रिपीटरचं काम एवढंच, की क्षीण झालेला सिग्नल पुन्हा जोमदार करून पुढे ढकलायचा. पण सिग्नल क्षीण झालेलाच नसेल तर?

आमच्या पुरवठादाराच्या सपोर्टचं दर तक्रारीला एकच उत्तर: आणखी एक रिपीटर लावा. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं आहे का, हे कुणी एकदाही विचारलं नाही. पैसे गेलेच, वर नोंदी करणारी माणसं एकेक ओळ पुन्हा तपासत बसली. त्याचा राग अजून आहे.

या लाइनीत प्रत्येक व्होल्टेज सिग्नल ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्ट धरलेल्या तारेच्या, तुलनेत वाचलं जातं. २५ पिनांच्या कनेक्टरवर ती ७ नंबरची पिन. रिसीव्हरला +३ व्होल्टच्या वर किंवा −३ व्होल्टच्या खाली असेल तेच नक्की कळतं. दोन टोकांच्या ग्राउंडमध्येच काही व्होल्टचा फरक पडला की बिट चुकतात. साधा रिपीटर ग्राउंड आरपार जोडतो, म्हणून कितीही लावा, दुखणं तसंच.

टर्मिनलकडचा कनेक्टर काढा. केबलची ७ नंबरची पिन आणि टर्मिनलची ७ नंबरची पिन यांच्यामध्ये मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावून मोजा, मोटारी चालू असतानाच. मी तुमची जागा पाहिलेली नाही आणि तिथे धोकादायक व्होल्टेजही निघू शकतं, तेव्हा इलेक्ट्रिशियन सोबत हवाच.

फरक दिसला तर माझ्या मते रिपीटर काढून टाका आणि दोन्ही टोकांना ऑप्टो-आयसोलेशनवाले (सिग्नल प्रकाशातून नेऊन दोन बाजू विजेच्या दृष्टीने तोडणारे) आरएस-४२२ कन्व्हर्टर बसवा; आरएस-४२२ हे लांब अंतराचं मानक. टर्मिनलच्या वेगाला १२०० मीटरपर्यंत अडचण येऊ नये. इमारती वेगळ्या असतील तर मी थेट फायबरच टाकेन, वीज पडण्याची भीतीही जाते.

जाता जाता: बरेच स्वस्त कन्व्हर्टर फक्त टीएक्स-आरएक्स (डेटा पाठवण्या-घेण्याच्या तारा) नेतात, आरटीएस-सीटीएस ('थांब-पाठव' सांगणाऱ्या तारा) नाही. तेव्हा हँडशेक (थांबण्या-पाठवण्याचा इशारा) एक्सऑन-एक्सऑफवर, म्हणजे डेटाच्याच तारेतून जाणाऱ्या खुणेच्या अक्षरांवर घ्या, नाहीतर लांब यादी आली की मधल्या ओळी गळतील आणि तुम्ही पुन्हा केबलच तपासत बसाल.